वीस-दहा आणि एक हजार पाच

परवा रविवारी पुण्याहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. धाकटी नात साडेपाच वर्षांची, इंग्रजी शाळेत जाते. फोन हातात घेतल्या घेतल्या म्हणाली, "आजी, मला हंड्रेडपर्यंत येतं!" आणि झाली सुरू. ट्वेन्टी सेव्हन, ट्वेन्टी एट, ट्वेन्टी नाइन... आणि मग जराही न अडखळता, "ट्वेन्टी टेन, ट्वेन्टी इलेव्हन!"

मागे बसलेले सगळे खो खो हसले. मोठा नातू "ए वेडी!" म्हणाला. बाईसाहेबांचा चेहरा एवढासा झाला, फोन तसाच गादीवर टाकून त्या निघून गेल्या. सूनबाई म्हणाली, "आई, रोज घोकून घेते हो मी, तरी नेमकी तिथेच चुकते."

(सूनबाई हा लेख वाचणार आहे हे मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, ही तिची तक्रार नाही. खरं तर ही माझीच तक्रार आहे, माझ्याविरुद्ध.)

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. कारण "ट्वेन्टी टेन" ऐकलं आणि मला एक मुलगा आठवला. साल १९७८ असेल. सातारा जिल्ह्यात कोयनेकाठच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. मराठी घेऊन बी.ए. झालेली, मग डी.एड. केलेलं. मॅट्रिकनंतर गणिताशी संबंध सुटला होता, पण प्राथमिकला सगळेच विषय शिकवावे लागतात. तिसरीचा वर्ग, पन्नासच्या वर मुलं. मी संख्यांचं श्रुतलेखन घेत होते. "एकशे पाच" म्हटलं. पाटी तपासायला गेले तर या मुलाने लिहिलं होतं, १००५.

मी काय केलं? खडूने आडवी फुली मारली आणि १०५ पन्नास वेळा लिहून आणायला सांगितलं. त्याने बिचाऱ्याने लिहून आणलं. दुसऱ्या दिवशी एकशे पाच विचारलं, बरोबर लिहिलं. मला वाटलं, झालं काम. पुढच्या आठवड्यात "एकशे पंचवीस" सांगितलं तर त्याने लिहिलं, १००२५. मग मात्र माझा तोल गेला. सगळ्या वर्गासमोर मी त्याला 'धोंडा' म्हणाले. वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याचं ते नावच पडलं.

आज सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनी तो प्रसंग लिहिताना हात थांबतो. पण लिहायचं ठरवलंय. कारण तो मुलगा धोंडा नव्हता. त्याने जे लिहिलं होतं त्याला पक्कं तर्कशास्त्र होतं. एकशे ऐकलं, १०० लिहिलं. पाच ऐकलं, ५ लिहिलं. जसं कानावर पडलं तसं ओळीने मांडलं. "रामा आला" हे शब्द आपण जसे एकापुढे एक लिहितो तसंच की! त्याला अक्षरलेखनाचा नियम आम्हीच शिकवला होता आणि त्याने तो संख्येला लावला. संख्येचा नियम वेगळा असतो, तिथे प्रत्येक अंकाला 'जागा' असते, हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. मी तर नाहीच. मी त्याला १०५ चं चित्र पाठ करायला लावलं आणि त्याने ते केलं. १२५ चं चित्र मी दिलं नव्हतं, तिथे त्याने पुन्हा स्वतःची बुद्धी वापरली.

नातीचंही तेच. विचार करून बघा, "ट्वेन्टी टेन" हा शब्द तिने कुठे ऐकला असेल? कुठेच नाही! आई म्हणत नाही, बाई म्हणत नाहीत, टीव्हीवर कोणी म्हणत नाही. म्हणजे तो पाठांतरातून आला नाही. तो तिने स्वतः तयार केला. वीसपुढे एक ते नऊ लावत जायचे हा नियम तिला आपल्या आपण सापडला, आणि नऊनंतर दहा येतात हेही तिला माहीत. नियम पुढे चालवला, इतकंच. आपण हसलो ते तिच्या सगळ्यात हुशारीच्या क्षणाला.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे. मुलाच्या डोक्यात कल्पना आपण भरत नाही, ती मूल स्वतः तयार करतं. चूक म्हणजे त्या तयार होत असलेल्या कल्पनेचं आपल्याला दिसलेलं तोंड. शिक्षकाचं पहिलं काम शिकवणं नाही, ती कल्पना काय आहे हे ओळखणं आहे. आणि पस्तीस वर्षं नोकरी करून हे मला फार उशिरा कळलं.

कळलं कसं तेही सांगते. पुढे बदली झाली, दुसऱ्या गावात गेले. तिथे एक जुने गुरुजी होते, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेले. धोतर, काळी टोपी. माझ्या वर्गातल्या एका मुलीने दोनशे चार हे २००४ असं लिहिलं होतं आणि मी नेहमीप्रमाणे रागावले होते. गुरुजी दारातून जाताना थांबले. आत आले, तिच्या शेजारी खाली बसले आणि म्हणाले, "हे कसं लिहिलंस गं?" ती घाबरत म्हणाली, "दोनशे असं लिहितात ना गुरुजी, दोनावर दोन पुज्य. आणि मग चार." गुरुजी म्हणाले, "बरोबर आहे की तुझं!" मी बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून आणल्या. एका लांब पट्टीवर २००, एका छोट्या पट्टीवर ४. छोटी पट्टी मुलीच्या हातात देऊन म्हणाले, "ही २०० च्या पट्टीवर ठेव, उजवी कड उजव्या कडेला जुळवून." तिने ठेवली. चार बरोबर शेवटच्या शून्यावर बसला. दिसलं २०४. तिने पट्टी उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. मग म्हणाली, "म्हणजे पुज्य खाली हायच. चारानं झाकलंय."

गुरुजींनी एकही व्याख्या सांगितली नाही. 'स्थानिक किंमत' हा शब्दही उच्चारला नाही. तो शब्द त्यांनी चार दिवसांनी सांगितला, जेव्हा ती गोष्ट तिच्याजवळ होती आणि फक्त नाव नव्हतं. मी मात्र वर्षानुवर्षं नाव आधी देत आले होते आणि वस्तू द्यायला विसरले होते.

निवृत्त झाल्यावर, २००८ नंतर, वाचनालयातून पुस्तकं आणून वाचायला लागले तेव्हा कळलं की गुरुजींनी जे सहज केलं त्यावर मोठमोठ्या लोकांनी आयुष्य घालवलंय. स्वित्झर्लंडचे प्याजे आणि रशियातले वायगॉट्स्की, दोघंही १८९६ साली जन्मलेले. प्याजेंनी मुलांच्या चुकीच्या उत्तरांकडेच कुतूहलाने पाहिलं. मूल म्हणजे अर्धवट मोठा माणूस नव्हे, त्याची विचार करण्याची स्वतःची रीत असते, हे त्यांनी दाखवलं. वायगॉट्स्की सदतिसाव्या वर्षीच गेले, पण १९३४ मध्ये आलेल्या 'विचार आणि भाषा' या त्यांच्या पुस्तकात त्यांनी एक गोष्ट सांगून ठेवली. कल्पना थेट शब्दांतून द्यायला गेलं की मुलाच्या हाती नुसतं शब्दाचं टरफल येतं, आतला दाणा येत नाही. हे वाचलं तेव्हा मला माझा सगळा वर्ग एका सुरात व्याख्या म्हणताना ऐकू आला!

आता मराठी मुलांची एक खास अडचण सांगते. तुम्हाला आठवत असेल, २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता. एकवीसला 'वीस एक', बावीसला 'वीस दोन' असं वाचायची पद्धत त्यात दिली होती. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, विधानसभेत चर्चा झाली, आडनावांवरून विनोद झाले. आमच्या घरच्या ग्रुपवरही आठवडाभर तेच चाललं होतं. मराठी बुडाली, म्हणून. गणित समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण बोलतो 'पंचवीस', म्हणजे आधी पाच आणि मग वीस. लिहितो मात्र आधी दोन, मग पाच. मूल ऐकल्याप्रमाणे लिहायला गेलं की ५२ होतात. कन्नड, तेलुगूसारख्या दक्षिणेकडच्या भाषांत आधी वीस मग पाच असंच म्हणतात, तिथल्या मुलांना हा उलटा फेरा पडत नाही. जुने शब्द पुस्तकातून काढून टाकलेले नव्हते, हे ओरडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पाहिलंही नाही.

आणि ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. नॉर्वेमध्येही पूर्वी 'एक आणि वीस' असंच म्हणत. १९५१ पासून त्यांनी अधिकृतपणे 'वीस एक' असं केलं. जर्मन लोक अजूनही 'एक आणि वीस'च म्हणतात आणि त्यांचं काही अडलेलं नाही.

माझं मत विचाराल तर मी दोन्ही बाजूंना थोडी थोडी नाराज करणार आहे. 'वीस एक' हा मला पांगुळगाडा वाटतो. मूल चालायला शिकेपर्यंत जरूर द्यावा. पांगुळगाडा दिला म्हणून कोणी "पायांचा अपमान झाला" असं म्हणत नाही! आणि मूल चालायला लागलं की तो आपोआप माळ्यावर जातो. मी स्वतः शेवटची दहा-बारा वर्षं पहिली-दुसरीला तोंडी हेच करत होते, "बावीस, म्हणजे वीस आणि दोन" असं. पण म्हणून आपले शब्द टाकाऊ नाहीत. 'एकोणतीस' बघा. एक उणे तीस. मुलाला नुसतं ऐकून वाटतं की यात तीस आहेत, म्हणून ते ३९ लिहितं. पण तोच शब्द फोडून दाखवला की केवढी गंमत! तो शब्दच सांगतोय की पुढे तीस उभे आहेत. माझ्या नातीला जर 'एकोणतीस' उमजलेलं असतं तर 'ट्वेन्टी टेन' म्हणायची वेळच आली नसती. आता तुम्ही म्हणाल, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही? तेही मुलांना विचारू द्या. असले प्रश्न विचारणाऱ्या वर्गात शिकवायला मजा येते.

पण खरा मुद्दा असा की त्या सगळ्या वादात दोन्हीकडचे लोक शब्दांवरच भांडत होते. शब्द बदलून कल्पना तयार होत नाही आणि शब्द राखूनही होत नाही. इंग्रजीत 'ट्वेन्टी टू' सरळच आहे ना, तरी नात अडलीच. कारण अडचण शब्दात नव्हती. दहा सुटे एकत्र आले की त्यांचा एक नवा दशक होतो आणि तो शेजारच्या घरात राहायला जातो, ही कल्पना तिची अजून झालेली नाही.

ही कल्पना सोपी नाही हो! ब्रह्मगुप्ताने शून्यासह आकडेमोडीचे नियम इ.स. ६२८ मध्ये लिहिले. युरोपातल्या व्यापाऱ्यांना ही आपली अंकपद्धत समजावणारं फिबोनाचीचं पुस्तक आलं १२०२ मध्ये. आणि त्यानंतरही १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरायला बंदी घातली होती. दाढीमिशा पिकलेल्या सराफांना जे पचायला शतकं लागली ते सात वर्षांच्या पोराला सोमवार ते शनिवारात यावं, आणि नाही आलं तर तो धोंडा. कसला न्याय हा?

मग शिकवायचं कसं? मी काही तज्ज्ञ नाही. पण गुरुजींकडून आणि पुढे मुलांकडून जे शिकले ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे हाताला काम. ताराबाई मोडकांनी बोर्डीला १९४५ मध्ये आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांबरोबर जे काम उभं केलं, त्यात महागड्या साधनांऐवजी दगड, बिया, शिंपले असंच जवळपासचं सामान वापरलं. आम्हीही ज्वारीच्या ताटाच्या काड्या आणि चिंचोके वापरले. पण यातही एक मेख आहे, मी स्वतः फसले म्हणून सांगते. सुरुवातीला मी घरून दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून नेत असे. वर्गात वेळ वाचावा म्हणून! मुलांना गठ्ठा ही एकच वस्तू वाटायची. "हे किती?" म्हटलं की "एक." त्यांचंही बरोबरच होतं. गठ्ठा मुलाने स्वतः मोजून, स्वतः सुतळीने बांधायला हवा. त्या बांधण्यातच तर सगळं शिकणं आहे. मी वाचवलेला वेळ म्हणजे नेमका शिकण्याचा वेळ होता.

बांधता आलं की सोडताही येतं. हातच्याच्या वजाबाकीचं उदाहरण घ्या. ५२ वजा २७. कितीतरी मुलं उत्तर काढतात ३५. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले, पाच. पाचातून दोन गेले, तीन. का असं करतात? कारण "लहानातून मोठं जात नाही" हे आम्हीच शिकवलेलं असतं! मूल आमचा नियम इमानदारीने पाळतं आणि मार आम्हीच देतो. आता त्याच मुलासमोर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा आणि म्हणा, मला सत्तावीस दे. ते दोन गठ्ठे देतं. मग सात सुट्या हव्यात, आहेत दोन. इकडे तिकडे बघतं. तुमच्याकडे बघतं. इथे शिक्षकाने तोंड बंद ठेवायचं, ही सगळ्यात अवघड गोष्ट! थोड्या वेळाने कोणीतरी एक गठ्ठा उचलतं आणि विचारतं, "बाई, हा सोडू का?" झालं. हातचा म्हणजे काय ते त्याला कळलं. पाटीवरची वजाबाकी त्यानंतर आठवड्याने दाखवली तरी चालते. अमेरिकेतले जेरोम ब्रूनर हेच सांगत, आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. आपण उलटे, चिन्हापासून सुरुवात करतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उदाहरणं नाना तऱ्हेची हवीत. चौरस शिकवताना मी फळ्यावर नेहमी सरळ बसलेला चौरस काढायचे. मुलं व्याख्या घडाघडा म्हणायची, चारही बाजू समान, चारही कोन काटकोन. एकदा सहज तोच पुठ्ठ्याचा चौरस कोपऱ्यावर उभा धरला आणि विचारलं, हा काय? सगळा वर्ग ओरडला, "शंकरपाळी!" म्हटलं, आत्ता तर चौरस होता. एक मुलगी म्हणाली, "व्हता बाई, पण तुमी फिरवला ना." म्हणजे व्याख्या तोंडात होती आणि डोक्यात होतं चित्र, सरळ बसलेल्या चौकटीचं. हॉलंडच्या व्हॅन हील या शिक्षक पतीपत्नींनी १९५७ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर प्रबंध लिहिले होते. आकार आधी चेहऱ्याने ओळखला जातो, गुणधर्माने नंतर. म्हणून मग मी तिरके चौरस, लांबुडके त्रिकोण, उलटे त्रिकोण दाखवायला लागले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'जवळजवळ' चौरस, पण चौरस नसलेलेही. खरी शंकरपाळी आणून ठेवली तर वर्ग अर्धा तास भांडला, की हिचे कोन काटकोन आहेत का! तो अर्धा तास वाया गेला असं मला तेव्हा वाटलं होतं. आज वाटतं, त्या वर्षातला तो सगळ्यात चांगला तास होता. (पुरावा मुलांनी खाऊन टाकला, ही गोष्ट वेगळी.)

आणि तिसरी गोष्ट, अगदी छोटी, "कसं काढलंस?" हा प्रश्न. चुकलेल्यालाच नाही, बरोबर आलेल्यालाही. नाहीतर "कसं काढलंस" म्हणजे "चुकलं" असंच मुलांना कळतं. बरोबर उत्तरामागेही कधी कधी भलतीच कल्पना लपलेली असते आणि ती दोन वर्षांनी अपूर्णांकात डोकं वर काढते.

आता काही जण म्हणतील, बाई, आम्ही तर पाढे घोकले, पावकी-निमकी घोकली, आमचं काय वाईट झालं? मी पाठांतराच्या विरुद्ध नाही हो. पाढे पाठ हवेतच. सात आठे किती हे दर वेळी बोटं मोजून काढायचं म्हटलं तर पुढचा विचार करायला डोक्यात जागा उरत नाही. पण पाठांतर हे कोठार आहे. कोठारात धान्य हवंच, पण चूल पेटलीच नाही तर त्याचं काय करायचं? आणि "आमचं काय वाईट झालं" असं म्हणायला आपण शिल्लक राहिलो, हेही लक्षात ठेवा. ज्यांचं वाईट झालं ते शाळा सोडून गेले, ते हे वाचायला इथे नाहीत.

वर्गातल्या अडचणी मला माहीत आहेत. पन्नास-साठ मुलं, संपवायचा अभ्यासक्रम, तपासणीला येणारे साहेब, वर जनगणना आणि निवडणुकांची कामं. हे सगळं मी केलंय. पण परिस्थिती बघा. असर संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या साधारण तीनातल्या एकाच मुलाला हातच्याची वजाबाकी येत होती. अभ्यासक्रम तर सगळ्यांचाच 'पूर्ण' झालेला असणार! मग पूर्ण काय झालं नक्की?

असो. त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तो तिसरीत नापास झाला. माझ्याच हातून, माझ्याच लाल पेनाने. पुढच्या वर्षी आलाच नाही. काही दिवस म्हशींमागे होता, मग चुलत्याबरोबर मुंबईला गेला. आमच्याकडच्या पुष्कळ पोरांसारखा माथाडी झाला. शाळा सुटायला माझा 'धोंडा' एकटाच कारण होता असं नाही. घरची गरिबीही होती. पण त्यात माझा वाटा होता आणि तो मी नाकारणार नाही.

२०११ मध्ये त्या गावच्या यात्रेला गेले होते. गर्दीतून एक चाळिशीचा गडी पुढे आला, वाकून पाया पडला. "बाई, वळखलं का?" मी नाही ओळखलं. तो हसत म्हणाला, "मी धोंडा." मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो मात्र मनापासून बोलत होता. वाशीच्या बाजारात काम करतो, टोळीचा मुकादम आहे. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, गोण्या मोजता कशा? म्हणाला, "त्यात काय बाई, दहाची एक थप्पी. धा थप्प्या न् वर पाच सुट्या, की झाल्या एकशे पाच."

एकशे पाच. त्याला तो आकडा आठवत होता की सहज तोंडात आला, मला विचारायचा धीर झाला नाही. जी कल्पना मी त्याला वर्षभरात देऊ शकले नाही ती त्याने पाठीवर गोण्या वाहून स्वतः तयार केली होती. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "आवं बाई, जाऊ द्या की." पण निघताना थोडं थांबून म्हणाला, "तोंडी हिशेब कवाच चुकत नाय. लिवायचं आलं की मातर हात थरथरतो. पोरीकडनं लिवून घेतो."

ते वाक्य मी अजून विसरले नाही. कल्पना तयार व्हायला उशीर झाला तरी ती होते. पण तिच्यावर बसलेली भीती जात नाही.

म्हणूनच सोमवारी सकाळीच मी सूनबाईला फोन केला. म्हटलं, खराट्याच्या काड्या तोडून ठेव आणि रबरबँड दे तिच्याजवळ. घोकून घेऊ नको. हसू नका, आणि मोठ्यालाही सांग. संध्याकाळी व्हिडिओवर आम्ही दोघी बसलो. तिने दोन गठ्ठे बांधले, शेजारी नऊ सुट्या काड्या. मी म्हटलं, "आता अजून एक घे." तिने घेतली. सुट्या काड्यांकडे पाहिलं, मोजल्या. मग काही न बोलता रबरबँड उचललं आणि त्यांचाही गठ्ठा बांधला. तीन गठ्ठे ओळीत लावले. मी विचारलं, "किती झाले गं?"

बराच वेळ विचार करून म्हणाली, "थ्री टेन!"

मागे या वेळी कोणी हसलं नाही. थर्टी हे नाव तिला उद्या, परवा कधीतरी सांगू. आता घाई नाही.

तुमच्या घरातलं मूल पुढच्या वेळी चुकलं की एकदा "कसं काढलंस?" विचारून बघा, आणि विचारल्यावर गप्प बसून बघा. काय उत्तर मिळतं ते मला जरूर कळवा. फार लांबलं आज. पुढच्या वेळी थोडक्यात लिहीन, असं दर वेळीच म्हणते!